‘मी’पणाच्या युगात ख्रिस्ती नम्रतेची साधना

७ सप्टेंबर २०२५ रोजी रोम येथील संत पेत्राच्या चौकात पोप लिओ चौदावे ह्यांनी दोन तरुणांना एकाच वेळी संतपद बहाल केले. त्यांपैकी कार्लो अकुतिस ह्या संगणकप्रेमी मुलाचे नाव आपल्या युवकांना परिचित आहे. २००६ साली, वयाच्या अवघ्या पंधराव्या वर्षी, रक्ताच्या कर्करोगाने त्याचे निधन झाले. दुसरे संत पिएर जॉर्जो फ्रासाती ह्यांच्याविषयी आपल्याकडे त्या मानाने कमी बोलले गेले. परंतु आजच्या काळाला, विशेषतः आपल्या ख्रिस्ती कुटुंबांना, विचार करावयास लावील असे बरेच काही ह्या दुसऱ्या तरुणाच्या जीवनात दडलेले आहे.

फ्रासाती ह्यांचा जन्म १९०१ साली इटलीतील तुरीन शहरी एका सधन घराण्यात झाला. त्यांचे वडील ‘ला स्ताम्पा’ ह्या प्रसिद्ध दैनिकाचे संस्थापक व संचालक होते. ते सिनेटचे सदस्य होते आणि पुढे जर्मनीत इटलीचे राजदूतही झाले. म्हणजे प्रसिद्धीचे सर्वांत मोठे साधन घरातच होते. असे असूनही मुलाच्या सत्कृत्यांची एक ओळही त्या वृत्तपत्रात आली नाही, कारण ती घरातल्यांनाच ठाऊक नव्हती. १९१८ पासून सेंट विन्सेंट डी पॉल संस्थेचा सभासद म्हणून हा तरुण गरिबांच्या वस्त्यांत आणि आजाऱ्यांच्या अंधाऱ्या खोल्यांत जात असे. गाडीभाड्याचे पैसे कोणा गरजूच्या हाती ठेवून तो पायी घरी परते आणि जेवणाला उशीर झाला म्हणून बोलणी खाई. १९२५ मध्ये त्याला पोलिओने गाठले. त्याच दिवसांत घरात आजी मृत्युशय्येवर होती व सर्वांचे लक्ष तिच्याकडे लागले होते. आपल्या दुखण्याचा त्याने बोभाटा केला नाही. शेवटच्या दिवसांत, लुळ्या पडत चाललेल्या हाताने त्याने एक चिठ्ठी लिहिली. तिच्यात एका गरीब रुग्णाला इंजेक्शने पोहोचविण्याची सूचना होती. ४ जुलै रोजी, वयाच्या चोविसाव्या वर्षी, तो निवर्तला. अंत्ययात्रेच्या दिवशी तुरीनच्या रस्त्यांवर गोरगरिबांची दाटी झाली, तेव्हा कोठे आपला मुलगा कोण होता हे त्या प्रतिष्ठित कुटुंबाला उमगले. आणि आपल्या दारी येणारा हा तरुण एवढ्या मोठ्या घरचा होता, हे त्यांतील अनेक गरिबांनाही त्याच दिवशी कळले.

वृत्तपत्राच्या मालकाच्या घरात जे शक्य झाले, ते खिशात कॅमेरा आणि छापखाना दोन्ही बाळगणाऱ्या आपल्या पिढीला शक्य आहे काय? आजच्या समाजस्थितीत ख्रिस्ती नम्रतेविषयी विचार करताना हा प्रश्न टाळून पुढे जाता येत नाही.

जुना अहंकार, नवी मोजदाद

अहंकार काही आजच जन्माला आलेला नाही. एदेन बागेतील मोहाच्या मुळाशी देवासारखे होण्याची हाव होती. लोकांनी पाहावे म्हणून रस्त्याच्या कोपऱ्यावर उभे राहून प्रार्थना करणारे, मेजवानीत मानाच्या जागा निवडणारे, बाजारात नमस्कार घेण्यास उत्सुक असणारे लोक प्रभू येशूच्या काळातही होते. आपल्या मातीतील संत तुकारामांनी देवाजवळ लहानपण मागितले, ते मोठेपणाच्या सोसाने माणसाचे काय होते हे जाणूनच.

मग आपल्या काळात नवे काय घडले? नवी आहे ती मोजदाद. पूर्वी शेजाऱ्यापाजाऱ्यांचे कौतुक कानावर येई, चार दिवस मनाला गुदगुल्या करी आणि विरून जाई. २००९ मध्ये फेसबुकवर ‘लाईक’चे बटण आले आणि कौतुकाला आकडा मिळाला. २०१० मध्ये इन्स्टाग्राम सुरू झाले. २०१३ मध्ये ऑक्सफर्डच्या कोशकारांनी ‘सेल्फी’ हा त्या वर्षाचा शब्द म्हणून निवडला. ह्या साधनांचे उत्पन्न प्रामुख्याने जाहिरातींवर चालते आणि जाहिरातीला हवी असते आपली नजर. जे डोळे खेचून घेईल ते पुढे ढकलले जाते. जे शांत, संथ व साधे असेल ते मागे पडते. अशा रीतीने स्वतःला मांडत राहणे ही केवळ एखाद्या व्यक्तीची हौस राहिलेली नाही, तिच्याभोवती एक मोठी बाजारपेठ उभी राहिली आहे.

तिची किंमत सर्वाधिक मोजतात ती कोवळी मुले. आपले छायाचित्र किती जणांना आवडले, ह्यावर आपली योग्यता ठरते असे त्यांना वाटू लागते. २०२३ च्या मे महिन्यात अमेरिकेच्या सर्जन जनरलनी समाजमाध्यमे व मुलांचे मानसिक आरोग्य ह्यांविषयी जाहीर सूचनापत्र काढले. ऑस्ट्रेलियाने १६ वर्षांखालील मुलांना प्रमुख समाजमाध्यमांवर खाते ठेवण्यास मनाई करणारा कायदा केला आणि १० डिसेंबर २०२५ पासून तो अमलात आणला. हा उपाय कितपत यशस्वी ठरेल हा वेगळा विषय. परंतु प्रश्न किती गंभीर आहे ह्याची ती कबुलीच होय.

दोष केवळ तरुणांच्या माथी मारणे मात्र न्यायाचे होणार नाही. महाराष्ट्रातील कोणत्याही चौकात उभे राहून वर पाहावे. वाढदिवस, निवड, नियुक्ती, सत्कार, अशा प्रत्येक निमित्ताने हात जोडलेल्या चेहऱ्यांचे फलक झळकत असतात. त्यांवरचे चेहरे बहुधा प्रौढांचे असतात. बेकायदा फलकांविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयाने २०१७ साली स्थानिक स्वराज्य संस्थांना सविस्तर आदेश दिले, तरीही ही हौस ओसरलेली नाही. नम्रतेची खूण म्हणून जोडलेले हात वीस फुटी फलकावर छापले जावेत, ह्यातील विसंगती आपल्या लक्षातही येत नाही, इतकी ती अंगवळणी पडली आहे.

दान आणि त्याचे छायाचित्र

ही संस्कृती चर्चच्या फाटकाबाहेर थांबत नाही. मुलांचा प्रथम ख्रिस्तप्रसादाचा सोहळा, विवाह, रौप्यमहोत्सव ह्या प्रसंगी वेदीपेक्षा कॅमेऱ्याकडे अधिक लक्ष जाते हे आपण पाहतो. परंतु सर्वांत नाजूक प्रश्न आहे तो दानधर्माच्या प्रदर्शनाचा.

२०२० च्या टाळेबंदीत अनेक संस्थांनी व व्यक्तींनी धान्याच्या पिशव्या वाटल्या. ते कार्य मोलाचे होते आणि त्यामुळे कित्येक चुली पेटत्या राहिल्या. परंतु त्या काळातील असंख्य छायाचित्रे आठवून पाहावीत. पिशवीला पाच-सहा हात लागलेले, देणारे सर्व कॅमेऱ्याकडे पाहत आहेत, आणि घेणारी व्यक्ती खाली पाहते आहे. तिच्या घरातील चूल बंद पडली होती ही गोष्ट आता तिच्या मुलांच्या शाळासोबत्यांनाही कळणार. पिशवीतील पाच किलो तांदळाची किंमत तिने आपल्या लाजेने चुकती केली. डाव्या हाताला कळू नये असे दान करावे, हा प्रभूचा उपदेश (मत्तय ६:१-४) दात्याच्या आत्म्याच्या रक्षणासाठी आहेच, परंतु तो घेणाऱ्याच्या प्रतिष्ठेचेही रक्षण करतो, ही बाजू आपण फारशी ध्यानात घेत नाही.

ह्यावर कोणी विचारील की, आपला प्रकाश लोकांपुढे पडू द्यावा, असेही त्याच डोंगरावरील प्रवचनात सांगितले आहे (मत्तय ५:१६), त्याचे काय? ह्या दोन वचनांत विरोध नाही. पहिल्या वचनात लोकांनी सत्कृत्य पाहून स्वर्गीय पित्याचा गौरव करावा असे म्हटले आहे. दुसऱ्यात स्वतःचा गौरव व्हावा म्हणून केलेल्या कृत्याचा निषेध आहे. कृत्य दिसले की नाही, ह्यापेक्षा ते पाहून लोकांची दृष्टी कोणाकडे वळली, ही खरी कसोटी होय. शिवाय, सार्वजनिक निधी गोळा करणाऱ्या संस्थेने किती पैसे आले आणि ते कोठे खर्च झाले हे जाहीर केलेच पाहिजे. ती प्रामाणिकपणाची अट आहे. हिशेब उघडा ठेवावा आणि घेणाऱ्याचा चेहरा झाकलेला ठेवावा. आपण पुष्कळदा ह्याच्या नेमके उलट वागतो.

समाजमाध्यमांचा त्याग करावा असा ह्याचा अर्थ नव्हे. कार्लो अकुतिसने संगणकाचे ज्ञान वापरून ख्रिस्तप्रसादाच्या चमत्कारांची माहिती देणारे संकेतस्थळ तयार केले. त्या संकेतस्थळाचा विषय कार्लो नव्हता. व्हॅटिकनच्या संप्रेषण विभागाने २०२३ च्या मे महिन्यात समाजमाध्यमांविषयी जे पाळकीय चिंतन प्रसिद्ध केले, त्याला चांगल्या शोमरोन्याच्या दाखल्याचा आधार आहे. वाटेत जखमी होऊन पडलेला मनुष्य डिजिटल महामार्गावरही भेटतो, त्याच्यापाशी आपण थांबतो काय, असा प्रश्न ते आपल्याला विचारते. तो शोमरोनी थांबला, त्याने जखमा बांधल्या, पैसे भरले आणि तो पुढे निघून गेला. त्याचे नावसुद्धा शुभवर्तमानात आलेले नाही.

नम्रता म्हणजे काय?

स्वतःला तुच्छ लेखणे, प्रत्येक वाक्यात ‘मी पामर’ म्हणणे, आलेली जबाबदारी टाळणे ह्याला पुष्कळदा नम्रता समजले जाते. पण स्वतःची निंदा करण्यातही मनुष्य स्वतःविषयीच बोलत असतो. आविलाच्या संत तेरेसा ह्यांनी नम्रतेचा अर्थ सत्यात चालणे असा सांगितला आहे. आपल्या अंगी जे गुण आहेत ते आहेतच, ते नाकारणे हेही असत्य. परंतु ते दान म्हणून मिळाले आहेत आणि दुसऱ्यांसाठी मिळाले आहेत, हे संपूर्ण सत्य होय. लॅटिन भाषेत नम्रतेचा शब्द मातीच्या शब्दाशी जोडलेला आहे. राखेच्या बुधवारी कपाळी राख लावून घेताना ह्याच मातीची आठवण आपल्याला करून दिली जाते.

प्रभू येशूने शिष्यांचे पाय धुतले, तो प्रसंग संत योहानाने मोठ्या मार्मिकपणे सांगितला आहे. पित्याने सर्व काही आपल्या हाती दिले आहे, आपण देवापासून आलो आणि देवाकडे जात आहोत हे येशूला ठाऊक होते, असे आधी सांगून मग तो भोजनावरून उठला व त्याने कमरेला रुमाल बांधला, असे योहान म्हणतो (योहान १३:३-४). आपण कोण आहोत ह्याची ज्याला पुरती खात्री असते, तोच दासाचे काम सहजपणे करू शकतो. ज्याला ती खात्री नसते, त्याला आपले मोठेपण सतत सिद्ध करावे लागते. बाप्तिस्म्यात आपण देवाची लेकरे झालो आहोत. ह्या ओळखीवर ज्या मुलाचे पाय घट्ट रोवले गेले, त्याला छायाचित्राखालच्या आकड्यावरून आपली किंमत ठरविण्याची गरज उरत नाही. म्हणून नम्रतेची शिकवण मुलांना धाक घालून देता येत नाही; ती प्रेमाच्या अनुभवातूनच द्यावी लागते. आईवडिलांनी हातातला मोबाईल बाजूला ठेवून मुलाचे म्हणणे शेवटपर्यंत ऐकणे, हा तिचा पहिला पाठ.

नम्रता म्हणजे अन्याय गिळणे नव्हे

येथे एका धोक्याचा उल्लेख केला पाहिजे. नम्रतेचा उपदेश बहुतेक वेळा वरून खाली केला जातो. सासू सुनेला, मालक मजुराला, अधिकारी हाताखालच्या माणसाला नम्र राहावयास सांगतो. नवऱ्याचा मार सोसणाऱ्या स्त्रीला ‘क्रूस म्हणून स्वीकार’ असे सांगितले गेले, दुखावलेल्या बालकाला ‘कोणाजवळ बोलू नकोस’ असे बजावले गेले, आणि त्याला सद्गुणाचे नाव दिले गेले. ही ख्रिस्ती नम्रतेची विटंबना आहे. प्रमुख याजकासमोर उभा असताना येशूच्या तोंडात मारण्यात आली, तेव्हा त्याने मारणाऱ्याला त्याचे कारण विचारले (योहान १८:२३). त्याने उलट प्रहार केला नाही, परंतु अन्यायाला न्यायही म्हटले नाही. पवित्र मरियेने स्वतःला प्रभूची दासी म्हटले. त्याच मरियेने बलाढ्यांना आसनांवरून खाली ओढणाऱ्या देवाचे स्तवन केले.

फ्रासातीही मुखदुर्बळ तरुण नव्हता. फॅसिस्टांच्या उदयाच्या काळात तो त्यांच्या विरोधात ठामपणे उभा राहिला, आणि १९२४ मध्ये त्यांच्या टोळीने घरात घुसून मोडतोड केली तेव्हा त्याने त्यांना पिटाळून लावले. स्वतःच्या मोठेपणासाठी तो कधी भांडला नाही. दुसऱ्यांच्या न्यायासाठी कधी गप्पही राहिला नाही.

म्हणून नम्रतेचा पहिला धडा ज्यांच्या हाती अधिकार आहे त्यांनी गिरवावयाचा आहे. १ ऑक्टोबर २०२४ रोजी, सिनडच्या अधिवेशनाच्या पूर्वसंध्येला, संत पेत्राच्या महामंदिरात प्रायश्चित्त विधी झाला. त्या वेळी कार्डिनलांनी ख्रिस्तसभेच्या घटकांकडून घडलेल्या पापांबद्दल, त्यांत लैंगिक अत्याचारांच्या पापाबद्दलही, उघडपणे क्षमा मागितली. संस्थेची अब्रू झाकण्यापेक्षा जखमी माणसाचे ऐकणे महत्त्वाचे मानणे, ही आज ख्रिस्तसभेपुढील नम्रतेची सर्वांत कठीण परीक्षा आहे.

अधिकाराच्या स्थानावरील नम्रता

पोप फ्रान्सिस ह्यांच्या कारकिर्दीत ह्या परीक्षेची काही संस्मरणीय उदाहरणे जगाने पाहिली. २०१४ च्या डिसेंबरमध्ये नाताळच्या शुभेच्छा देण्यासाठी जमलेल्या व्हॅटिकनच्या अधिकाऱ्यांसमोर त्यांनी पंधरा आध्यात्मिक आजारांची यादी वाचली; स्पर्धा आणि पोकळ मोठेपणा हा त्यांतील एक आजार होता. ११ एप्रिल २०१९ रोजी दक्षिण सुदानच्या परस्परांशी लढलेल्या नेत्यांपुढे ह्या वृद्ध पोपनी कष्टाने वाकून त्यांच्या पायांचे चुंबन घेतले व शांततेची याचना केली.

१७ एप्रिल २०२५ रोजी, पवित्र गुरुवारी, गंभीर आजारातून नुकतेच उठलेले पोप रोममधील रेजिना चेली कारागृहात बंदिवानांना भेटावयास गेले. दर वर्षीप्रमाणे पाय धुणे ह्या वर्षी आपल्याला जमणार नाही, हे त्यांनी साधेपणाने सांगितले. सेवा करणे ही नम्रता आहे. आता आपल्याने होत नाही हे मान्य करूनही माणसांपर्यंत जाणे ही त्याहून खोल नम्रता. चारच दिवसांनी, २१ एप्रिल रोजी, त्यांचे निधन झाले. पोपच्या अंत्यविधीतील तीन शवपेट्यांची जुनी प्रथा त्यांनी २०२४ मध्येच रद्द केली होती. त्यांना एकाच शवपेटीत ठेवण्यात आले आणि २६ एप्रिल रोजी रोममधील संत मेरी मेजर महामंदिरात त्यांचे दफन झाले. मृत्युपत्रातील इच्छेनुसार त्यांच्या साध्या कबरेवर पदवी नाही, बिरुद नाही. लॅटिनमध्ये केवळ त्यांचे नाव कोरलेले आहे. त्यांच्यानंतर ८ मे रोजी निवडून आलेल्या पोप लिओ ह्यांनी दुसऱ्याच दिवशीच्या पहिल्या प्रवचनात अंत्युखियाच्या संत इग्नाशियस ह्यांचे स्मरण केले आणि अधिकार असणाऱ्याने ख्रिस्त दिसावा म्हणून स्वतः बाजूला व्हावे, लहान व्हावे, असे सांगितले.

वसईच्या भूमीला तर ह्यासाठी रोमपर्यंत जाण्याचेही कारण नाही. येथे जन्मलेले संत गोन्सालो गार्सिया हे जपानमध्ये यशस्वी व्यापारी होते. तो व्यवसाय सोडून त्यांनी मनिला येथे फ्रान्सिस्कन संघात प्रवेश केला. धर्मगुरू म्हणून नव्हे, तर साधे बंधू म्हणून. पुढे जपानमध्ये त्यांनी आपल्या वरिष्ठांचे दुभाषे म्हणून सेवा केली. दुभाष्याचे काम मुळातच नम्रतेचे असते. त्याला दुसऱ्याचे म्हणणे आपल्या मुखाने सांगावे लागते. स्वतःचे काही त्यात मिसळता येत नाही. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथे त्यांना क्रूसावर मारण्यात आले आणि १८६२ साली ख्रिस्तसभेने त्यांना संत घोषित केले. भारतभूमीचा हा पहिला संत आयुष्यभर दुसऱ्याचा आवाज होऊन राहिला, हे आपण विसरता कामा नये.

धर्मग्रामात काय करता येईल?

नम्रता ही सवय आहे आणि सवय लहान कृतींतूनच लागते. आपल्या धर्मग्रामांत पुढील गोष्टी सहज करता येण्याजोग्या आहेत.

मदत वाटताना घेणाऱ्यांची छायाचित्रे काढू नयेत. त्याऐवजी जमाखर्च सूचनाफलकावर लावावा. चर्चला दिलेल्या बाकावर, पंख्यावर वा घड्याळावर नाव कोरण्याचा आग्रह देणाऱ्यांनी सोडावा आणि घेणाऱ्यांनीही तो पुरवू नये. देणाऱ्याची नोंद पुस्तकात राहील, तेवढी पुरे. सणाच्या फलकावर संतांचे चित्र असावे, समितीच्या सभासदांचे चेहरे नसले तरी सण तितक्याच आनंदाने पार पडेल. पाळकीय मंडळाच्या सभेत जो क्वचित बोलतो त्याला आधी बोलू द्यावे आणि जो नेहमी बोलतो त्याने शेवटी बोलावे. पहाटे उठून चर्च झाडणाऱ्या, फुले रचणाऱ्या, अंत्यविधीच्या वेळी धावपळ करणाऱ्या अनामिक हातांचे वर्षातून एकदा तरी नाव घेऊन आभार मानावेत. नम्र माणूस स्तुती मागत नाही, म्हणून ती त्याला देऊच नये असे थोडेच आहे?

व्यक्तिशः आपल्यापैकी प्रत्येकाने दर आठवड्याला एक तरी सत्कृत्य असे करावे की जे कोणालाच, घरातल्यांनाही, कळणार नाही. सांगण्याचा मोह होईल, तेव्हा तो मोह ओळखावा आणि प्रार्थनेत प्रभूपुढे ठेवावा. प्रायश्चित्त संस्कारात आपण देवापुढे कोणताही मुखवटा न लावता उभे राहतो. आपली सर्वोत्तम बाजू तेवढी दाखविण्याच्या ह्या काळात ही एक जागा अशी आहे की जेथे सत्य बोलल्याने कोणी नापसंत करीत नाही. तिचा लाभ आपण अधिक वेळा घ्यावा.

गुप्तपणे पाहणारा पिता आपल्याला आहे, ही प्रभूची शिकवण धमकी म्हणून दिलेली नाही. कोणी पाहिले नाही म्हणून वाया गेले असे एकही सत्कृत्य नाही, असे आश्वासन तिच्यात आहे. रात्रभर आजाऱ्याच्या उशाशी बसलेल्या लेकीला, कोणाचेही फी-पत्रक गुपचूप भरणाऱ्या शिक्षकाला, निवृत्तीनंतर नियमाने रुग्णालयात जाणाऱ्या आजोबांना प्रेक्षक नसतील. साक्षी मात्र आहे. ज्याने मनुष्य होण्यासाठी स्वतःला रिक्त केले, त्या प्रभू ख्रिस्ताजवळ आपण ह्या लहान वाटेवर चालण्याचे बळ मागू या.